काळ्या चकतीतून वाहणारी ऊब

थर्मल सेन्सर समोर ठेवला की नजर आधी त्याच्या काळ्या वर्तुळावर जाते. दोन-अडीच सेंटिमीटर व्यासाचं, मंद, किंचित खरखरीत. भोवती अॅल्युमिनियमचं जाड अंग, मागे हवेत उष्णता सोडणाऱ्या पात्या आणि एका कडेने निघालेली वायर. हलणारा भाग एकही नाही. भिंग नाही, आरसा नाही, सेन्सरच्या आत बॅटरीसुद्धा नाही. लेझरचा झोत त्या वर्तुळावर पडला की वायरीच्या दोन टोकांमध्ये काही मिलिव्होल्ट उभे राहतात आणि मीटर त्यांचे वॅट करून दाखवतो. रचना एवढीच.

रसग्रहण आपण कवितेचं करतो, बंदिशीचं करतो, एखाद्या देवळाच्या शिल्पाचंही करतो. उपकरणाच्या वाट्याला ते क्वचित येतं. वापरलं, आकडा घेतला, कपाटात ठेवलं, इतकाच त्याचा आपल्याशी संबंध. पण लेझरची पॉवर मोजणारी ही काळी चकती मला सावकाश, ओळीओळीने वाचावी अशी वाटते. तिच्यातली प्रत्येक गोष्ट, काळा लेप, धातूची जाडी, तारांचं कडं, अगदी तिचा संथपणासुद्धा, काहीतरी ठरवून तिथे आहे. प्रकाशाबद्दल सांगण्यासारखं जवळजवळ सगळं ही चकती सोडून देते. रंग, दिशा, तरंगाची कला (फेज), झोताचा आकार, काहीच ती लक्षात ठेवत नाही. एकच गोष्ट ती धरून ठेवते: दर सेकंदाला किती ऊर्जा आली. आणि ती इतकी घट्ट धरते की तिचा ताळा विजेच्या हिशेबाशी लावता येतो.

लेझरची ताकद मोजण्याचा प्रश्न किती अवघड होता हे समजायला लेझरच्या जन्माच्या वेळी जावं लागतं. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे, ह्यूज कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत काढला. झोत मिळाला, पण त्याची ताकद सांगायला सोयीचं मोजमाप कुणाकडे नव्हतं. मग त्या सुरुवातीच्या वर्षांत संशोधक दाढीची पाती एकावर एक ठेवून त्यांवर झोत सोडत आणि किती पात्यांना भोक पडलं ते मोजत. या एककाला त्यांनी नावही दिलं होतं, ‘जिलेट’. आज ऐकताना गंमत वाटते, पण त्या पद्धतीत एक खरी जाण होती. हा प्रकाश पदार्थात शिरला की उष्णता होतो, आणि ती उष्णता हाच त्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे, हे त्यांना कळलं होतं. अडचण एवढीच की पात्याला भोक पडणं हे झोत किती बारीक केला आहे, पात्याचा पृष्ठभाग किती चकचकीत आहे, स्पंद किती लांब आहे, अशा दहा गोष्टींवर अवलंबून असतं. ऊर्जा तीच असली तरी उत्तर बदलतं.

त्याच दशकाच्या सुरुवातीला एक फार सुरेख उपाय निघाला. त्याचं इंग्रजी नाव ‘उंदराचं घरटं’ अशा अर्थाचं होतं. इनॅमल चढवलेली बारीक तांब्याची तार घ्यायची, तिचा वेडावाकडा गुंता करायचा, तो एका भांड्यात भरायचा आणि तोंडातून लेझरचा स्पंद आत सोडायचा. प्रकाश गुंत्यात शिरतो, एका वळणावरून दुसऱ्यावर आपटत राहतो आणि बाहेर यायच्या आत बहुतेक सगळा शोषला जातो. पुढची गोष्ट तर मला आजही थक्क करते: ज्या तारेने प्रकाश शोषला, तीच तार तापमापकही आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. गुंत्यात कुठली जागा जास्त तापली आणि कुठली कमी, याच्याशी देणंघेणं नाही. पूर्ण तारेचा एकत्रित रोध मोजला की एकूण उष्णता कळते. शोषणारा आणि मोजणारा एकच, आणि उष्णता कुठे पडली हा प्रश्नच उरत नाही. आजच्या चकतीची बीजं इथे स्पष्ट दिसतात.

खरं तर बीजं आणखी जुनी आहेत. विल्यम हर्शल यांनी १८०० साली लोलकातून निघालेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात काळे केलेले तापमापक ठेवले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा जास्त चढलेला पाहिला. अवरक्त किरणांचा शोध हा असा तापमापकाच्या एका काळ्या फुग्याने लावलेला आहे. १८२१ मध्ये झेबेक यांना दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानफरकामुळे होणारा विद्युत परिणाम दिसला. नोबिली आणि मेलोनी या इटालियन संशोधकांनी असे अनेक सांधे एकामागे एक जोडून थर्मोपाइल बनवला. मेलोनींच्या उपकरणाला सुमारे ३० फुटांवर उभ्या माणसाची ऊब कळत असे. म्हणजे लेझर जन्मण्याच्या सव्वाशे वर्षं आधी त्याला मोजणारं यंत्र तयार होतं. त्याला फक्त नवं काम मिळायचं होतं.

ते काम खऱ्या अर्थाने दिलं ते एका मराठी मुलखात वाढलेल्या माणसाने. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. आज अॅक्रिलिकच्या पाट्या कापणारी, लाकडावर नक्षी कोरणारी गल्लोगल्लीची मशीनं बहुतेक याच जातीची असतात. या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्या पंधरापट. सिलिकॉनच्या फोटोडायोडला हा प्रकाश दिसतच नाही. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि या लेझरच्या एका फोटॉनकडे असतात जेमतेम ०.१२. कितीही फोटॉन येऊन आदळले तरी सिलिकॉन ढिम्म. काळ्या चकतीला मात्र फोटॉन मोठा की छोटा हे विचारायचंच नाही. तो शोषला गेला की त्याची जेवढी असेल तेवढी ऊर्जा उष्णतेच्या खात्यात जमा. अतिनीलपासून दूरच्या अवरक्तापर्यंत, एकाच लेपावर, एकाच वायरीवर. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतला १९३ नॅनोमीटरचा लेझर आणि पत्रा कापणारा एक मायक्रोमीटरचा फायबर लेझर, दोघांचाही हिशेब ती मांडू शकते. तिचं हे रंगांकडे न बघणं मला तिच्या स्वभावातली सगळ्यात उदार गोष्ट वाटते.

आता चकतीच्या आत जाऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

लेप काढून टाकला असं समजा. खाली अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची पातळ गोल चकती. तिची बाहेरची कड जाड धातूच्या अंगात घट्ट बसवलेली. झोत मधल्या भागात पडतो, तिथे उष्णता निर्माण होते आणि ती चारी बाजूंनी कडेकडे वाहते. मधल्या भागाच्या बाहेर, कडेच्या आत, एक अरुंद कडं आहे. त्या कड्याच्या आतल्या वर्तुळावर थर्मोकपलचे, म्हणजे झेबेक यांच्या त्या दोन धातूंच्या जोड्यांचे, गरम सांधे, बाहेरच्या वर्तुळावर थंड सांधे. आत-बाहेर, आत-बाहेर अशी तार पूर्ण गोल फिरते, आणि सगळ्या जोड्यांचे व्होल्टेज एकात एक मिळवले जातात.

आता प्रश्न: झोत बरोबर मधोमध न पडता डावीकडे सरकला तर? कामाच्या टेबलावर हे नेहमी होतं, झोत बरोबर केंद्रावर कधीच नसतो. डावीकडचे सांधे जास्त तापतील, उजवीकडचे कमी. मग आकडा चुकेल?

चुकत नाही. पूर्वी गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर जकात नाका असे. माल कुठल्या आळीतून निघाला याने एकूण वसुली बदलत नसे, कारण वेशीबाहेर जायला नाका चुकवून रस्ताच नव्हता. हे कडं म्हणजे असा नाका आहे. आत निर्माण झालेली सगळी उष्णता बाहेर जायची तर कडं ओलांडूनच जाणार. डावीकडून जास्त गेली तर उजवीकडून तेवढीच कमी जाते. सगळ्या जोड्यांची बेरीज केली की उत्तर तेच. आणि हे अंदाजाने तेच नाही. चकतीची जाडी सगळीकडे सारखी असेल आणि उष्णता फक्त धातूतूनच वाहत असेल, तर गणिताने ही सरासरी तंतोतंत तीच निघते, झोत कड्याच्या आत कुठेही असो. प्रत्यक्षात पुढच्या पृष्ठभागावरून थोडी उष्णता हवेत जाते, लेप सगळीकडे अगदी सारखा नसतो, म्हणून एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. पण मूळ कल्पना निर्दोष आहे. उंदराच्या घरट्यात जे तारेच्या गुंत्याने साधलं, ते इथे एका साध्या वर्तुळाने साधलं आहे. गोंधळाची जागा भूमितीने घेतली. या उपकरणातली माझी सर्वात आवडती ओळ हीच.

एक उदाहरण मनातल्या मनात करून पाहू. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चकती, जाडी १ मिलिमीटर, कड्याची आतली त्रिज्या १० आणि बाहेरची १५ मिलिमीटर. उष्णतावाहकता दर मीटर दर अंशाला २०० वॅट धरली, तर एका वॅटला कड्याच्या आतबाहेर फरक पडतो सुमारे ०.३२ अंशाचा. म्हणजे १० वॅटच्या झोताने, जो कागद क्षणात पेटवेल, इथे उभा राहतो अवघा ३.२ अंशांचा फरक. तांबं-कॉन्स्टंटनची एक जोडी दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट देते. अशा ५० जोड्या घेतल्या तर हातात येतात साडेसहा मिलिव्होल्टच्या आसपास. इतक्या लहान फरकावर इतका मोठा भरवसा ठेवता येतो, कारण हा फरक आहे. खोलीचं तापमान मे महिन्यात ३८ अंश असो की जानेवारीत १८, गरम आणि थंड सांधे दोन्ही बरोबरीने वर-खाली होतात आणि वजाबाकीत खोली गळून पडते.

दुसरीही एक निवड या रचनेत दडलेली आहे. उष्णता मोजायचे दोन मार्ग आहेत: साठवून मोजणे आणि वाहती ठेवून मोजणे. साठवून मोजणारा तो कॅलरीमापी. झोत ठरावीक वेळ घ्यायचा आणि धातूचा गोळा किती तापला ते पाहायचं. मशीन दुरुस्तीला येणारे कारागीर हातात धरायचा जो छोटा प्रोब वापरतात तो याच पद्धतीचा: ठरलेले सेकंद झोतात धरा, बाजूला घ्या, आकडा वाचा, आणि पुढच्या वेळेपूर्वी तो थंड होऊ द्या. चकती मात्र वाहती ठेवणारी आहे. ती उष्णता आपल्याजवळ ठेवत नाही, पुढे जाऊ देते आणि जाता जाता मोजते. म्हणून ती तासन्‌तास झोतात उभी राहू शकते. पॉवर हळूहळू घसरते आहे का, मशीन गरम झाल्यावर काय होतं, हे सगळं ती सलग सांगते. पॉवर किलोवॅटमध्ये गेली की पात्यांच्या जागी पाणी येतं, तत्त्व तेच राहतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि १ किलोवॅट शोषला जात असेल तर पाणी सुमारे १४ अंशांनी तापून बाहेर पडतं.

आता तिच्या संथपणाबद्दल. पहिल्यांदा वापरणाऱ्याला तो दोष वाटतो. झोत सुरू केला की आकडा लगेच येत नाही, चढत जातो. आधी झपाट्याने, मग मंद, मग अगदी रेंगाळत. चकतीचा कालस्थिरांक, म्हणजे तिच्या चढ-उताराची गती ठरवणारा काळ, एक सेकंद धरला तर पहिल्या सेकंदाला अंतिम आकड्याच्या ६३ टक्के, दुसऱ्याला ८६, तिसऱ्याला ९५, पाचव्या सेकंदाला ९९ टक्क्यांच्या पुढे. फोटोडायोड हेच काम नॅनोसेकंदात करतो. पण हा चढ वाया जाणारा वेळ नाही. चकती स्वतः तापते आहे, आणि कड्यातून जाणारी उष्णता येणाऱ्या उष्णतेइतकी होईपर्यंत ती तापणारच. तो समतोल झाला की आकडा स्थिरावतो. मापन म्हणजे तो समतोल. घाई केली तर मापन व्हायच्या आधीच आपण वाचून मोकळे होतो.

तरी या घाईवरही एक अतिशय देखणा उपाय आहे, आणि तो त्या चढाच्या आकारातूनच निघतो. चढणारी रेषा घातांकी असेल तर कुठल्याही क्षणी दोन गोष्टी हातात असतात: आताचा आकडा आणि तो किती वेगाने वाढतो आहे. वेगाला कालस्थिरांकाने गुणा आणि आकड्यात मिळवा. बेरीज थेट अंतिम उत्तर देते. १० वॅटचा झोत असेल तर पहिल्या सेकंदाला आकडा ६.३ आणि वेग सेकंदाला ३.७. बेरीज १०. दुसऱ्या सेकंदाला ८.६५ आणि १.३५. पुन्हा १०. रेषा अजून अर्ध्या वाटेवर असते आणि तिचा उतारच ती कुठे पोचणार ते सांगून टाकतो. मीटर हे काम आतल्या आत करतो. अर्थात यात एक किंमत आहे. वेग काढताना सिग्नलमधली बारीक थरथर मोठी होते, आणि खऱ्या चकतीचा चढ अगदी सुरुवातीच्या क्षणी शुद्ध घातांकी नसतो, कारण उष्णतेला मध्यापासून कड्यापर्यंत पोचायलाच थोडा वेळ लागतो. म्हणून पहिल्या काही दशांश सेकंदांच्या भाकितावर मी विसंबणार नाही.

संथपणाची खरी शोभा दिसते ती एकट्या स्पंदाच्या वेळी. १० नॅनोसेकंदांचा एक स्पंद, ऊर्जा एक जूल. त्या क्षणाची पॉवर होते १० कोटी वॅट. चकतीला हा क्षण कळणं शक्यच नाही. ती पुढचे काही सेकंद सावकाश तापते आणि निवते. वायरीवर एक बुटका, रुंद उंचवटा येतो आणि मावळतो. पण त्या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ घेतलं की जूल मिळतात. कारण नाका तोच: शोषलेला प्रत्येक जूल आज ना उद्या कड्यातून जाणार, भरकन गेला की सावकाश, बेरजेला फरक पडत नाही. इतक्या तडकाफडकी घडलेल्या घटनेचा इतका शांतपणे, इतका पूर्ण हिशेब देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. फक्त अशा स्पंदांना पृष्ठभागावरचा पातळ लेप पुरत नाही. ऊर्जा एका क्षणात वरच्या थरातच पडली तर तो थर उडून जातो. म्हणून तिथे रंगीत काचेसारखा पदार्थ वापरतात, ज्यात प्रकाश थोडा खोल शिरून शोषला जातो आणि उष्णता जाडीभर वाटली जाते.

आतापर्यंत वाचलेलं सगळं एका गोष्टीवर टेकलेलं आहे, जी अजून सांगितलेली नाही. साडेसहा मिलिव्होल्ट म्हणजे १० वॅट, हे कुणी ठरवलं? जाडी, वाहकता, सांध्यांची संख्या यांवरून काढलेला आकडा अंदाजापुरता ठीक, पण धातूची वाहकता टक्का-टक्क्याने बदलते. इथे या कलाकृतीचा मध्यवर्ती विचार समोर येतो, आणि तो १८९३ साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या क्नुट अँगस्ट्रॉम यांनी मांडलेला आहे. ज्यांच्या नावाने तरंगलांबीचं एकक आहे त्या आँडर्स अँगस्ट्रॉम यांचे हे चिरंजीव. त्यांना सूर्याची उष्णता मोजायची होती. त्यांनी दोन सारख्या काळ्या पट्ट्या घेतल्या. एक उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून वीज सोडायची आणि ती प्रवाह वाढवत इतकी तापवायची की मागचे थर्मोकपल दोन्ही पट्ट्या सारख्याच गरम असल्याचं सांगतील. मग उन्हाने दिलेली पॉवर म्हणजे विजेने दिलेली पॉवर. आणि विजेची पॉवर तर नेमकी काढता येते.

यात पट्टीची वाहकता किती, थर्मोकपल किती संवेदनशील, हे काहीच लागत नाही. थर्मोकपलने फक्त ‘सारखं आहे’ एवढंच सांगायचं. अज्ञात गोष्ट शेजारी ज्ञात गोष्ट ठेवून तोलायची, आणि तोलणाऱ्याकडून बरोबरीपेक्षा जास्त काही मागायचं नाही. लेझर मोजणाऱ्या कितीतरी कॅलरीमापींमध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेने घडवलेल्या मानक कॅलरीमापींमध्येसुद्धा, आत एक विजेचा हीटर बसवलेला असतो. आधी लेझर, मग वीज, दोन्हींचा परिणाम शेजारी ठेवायचा. कारखान्यातल्या टेबलावरचा सेन्सर कॅलिब्रेशनला जातो तेव्हा तो एका वरच्या सेन्सरशी ताडला जातो, तो आणखी वरच्याशी, आणि या साखळीच्या टोकाला प्रकाश विजेच्या व्होल्ट-अँपिअरमध्ये तोलला जात असतो.

पण इथे एक खोच आहे, आणि मोजमाप करणाऱ्यांनी ती किती मनावर घेतली हे पाहून त्यांच्याबद्दल आदर वाढतो. लेझर उष्णता देतो पुढच्या पृष्ठभागावर. हीटर देतो मागून. पुढचा लेप तापला की थोडी उष्णता समोरच्या हवेत निसटते. मागून तापवल्यावर निसटणारी उष्णता वेगळी असते. दोन उष्णता सारख्या असूनही त्यांच्या वाटा सारख्या नाहीत. हा फरक छोटा आहे, पण तो आहे. तो घालवायला काय काय करावं? हवा काढून टाकावी, म्हणजे हवेतून निसटणं संपलं. तारांमध्ये वीज उष्णता करते, तर तारा अतिसंवाहक घ्याव्यात. तापलेला पदार्थ किरणोत्सर्गाने उष्णता गमावतो, तर सगळंच इतकं थंड करावं की तो उत्सर्ग नगण्य व्हावा. १९८५ मध्ये इंग्लंडच्या टेडिंग्टन इथल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी द्रव हेलियमच्या तापमानाला चालणारा असा रेडिओमीटर प्रकाशाच्या मापनासाठी सिद्ध केला. त्या थंडीत आणखी एक गोष्ट साधते. तांब्याची उष्णताधारकता खोलीतल्या तापमानाच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी होते. म्हणून शोषक चकतीच्या जागी खोल पोकळी घेता येते, जिच्यात शिरलेल्या प्रकाशाचा दहा हजारात एखादा भागही परत येत नाही. आणि तांबं इतकं असूनही ती पोकळी चटकन प्रतिसाद देते. याच घराण्यातल्या उपकरणाने क्विन आणि मार्टिन या संशोधकांनी त्याच सुमाराला स्टेफान-बोल्ट्झमन स्थिरांक प्रत्यक्ष मोजून काढला. अँगस्ट्रॉम यांच्या दोन पट्ट्यांपासून इथपर्यंत विचार तोच आहे, फक्त त्याच्या आड येणारी एकेक गोष्ट दूर केली आहे.

चकतीच्या मर्यादाही तिच्या रचनेतूनच येतात. १०० वॅटचा झोत १० मिलिमीटर रुंद असेल तर लेपाच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १२७ वॅट येतात. तोच झोत १ मिलिमीटरवर आणला तर पावणेतेरा हजार. एकूण पॉवर तीच, लेपाचं भवितव्य वेगळं. भिंगातून पाहिलं तर जळलेल्या जागी काळेपणा फिका पडून करडा, चकचकीत ठिपका दिसतो. तिथून पुढे त्या जागी पडणारा प्रकाश जास्त परावर्तित होतो आणि सेन्सर मुकाट्याने कमी आकडा सांगू लागतो. लेपसुद्धा सगळ्या रंगांना तंतोतंत सारखा काळा नसतो, म्हणून मीटरवर तरंगलांबी निवडावी लागते. यावरही काम चालू आहे. कार्बनच्या नॅनोनळ्यांच्या उभ्या दाट रानासारखे लेप आता मानक सेन्सरांवर वापरले जातात, इतके काळे की परतणारा प्रकाश मोजणंच कठीण व्हावं.

आणि हात. सेन्सरच्या समोर नुसता तळहात धरा, आकडा सरकतो. हाताची कातडी खोलीपेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असली तर दर चौरस मीटरला तीसेक वॅट जास्त किरणोत्सर्ग होतो. सेन्सरच्या तीन चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला त्यातले सुमारे १० मिलिवॅट मिळतात. मेलोनींना ३० फुटांवरून जाणवलेला माणूस तो हाच. ५० वॅटच्या झोतापुढे याला किंमत नाही, पण ५० मिलिवॅट मोजत असाल तर सेन्सर हातात धरून चालत नाही, पंखा बंद करावा लागतो आणि शून्य पुन्हा लावून घ्यावं लागतं. ज्याला सगळी ऊब सारखी, त्याला लेझरची ऊब आणि माणसाची ऊब वेगळी कशी कळणार? रंग न विचारण्याच्या उदारपणाची ही दुसरी बाजू.

अलीकडे मोठ्या लेझरसाठी एक पूर्ण वेगळी वाट निघाली आहे. प्रकाश आरशावर आदळून परततो तेव्हा आरशाला किंचित ढकलतो. १ किलोवॅटचा झोत सरळ परतवला तर हा धक्का सुमारे ६.७ मायक्रोन्यूटन, म्हणजे मिलिग्रॅमच्या दोन-तृतीयांश वजनाइतका. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या संशोधकांनी या धक्क्यावरून पॉवर काढणारं उपकरण केलं आहे. त्यात झोत खर्च होत नाही, मोजून झाल्यावर कामालाही लावता येतो. ही कल्पना विलक्षण आहे यात शंका नाही. पण काही मिलिवॅटच्या झोताला तो धक्का इतका क्षीण असतो की तिथे उष्णतेला आजही तोड नाही.

माझी एकच तक्रार आहे, आणि ती चकतीबद्दल नसून तिच्या मीटरबद्दल आहे. आजचे मीटर फक्त अंतिम आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात. चढणारी-उतरणारी रेषा असली तर कुठल्यातरी मेन्यूत तिसऱ्या पायरीवर असते. या उपकरणाची सगळी बुद्धी त्या रेषेत आहे, आणि वाचणाऱ्याला तीच दाखवली जात नाही. मीटरमध्ये ग्राफ असेल तर तो लावून ठेवावा, भाकीत करणारी सोय थोडा वेळ बंद करावी आणि झोत झटकन अडवून उतार पाहावा. आकडा सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला जितका वेळ लागतो तो त्या चकतीचा कालस्थिरांक. सेन्सर नवा असताना तो एकदा लिहून ठेवावा. काही महिन्यांनी तीच रेषा पूर्वीपेक्षा रेंगाळत उतरू लागली, तर चकतीची कड धातूच्या अंगाला पूर्वीइतकी घट्ट बसलेली नाही अशी शंका घ्यायला जागा आहे, आणि सेन्सर कॅलिब्रेशनला पाठवताना ही नोंद सोबत द्यावी.